एफएम रेडिओ शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्याच शोधांसाठी आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या

मुंबईहून पुण्याला गाडीने निघालात तर एक गंमत बघा. नवी मुंबई सुटेपर्यंत एफएम झकास लागलेला असतो. खोपोलीनंतर घाट सुरू झाला की गाणं तुटायला लागतं. मग नुसती खरखर. आणि लोणावळा मागे टाकून पुण्याच्या जवळ पोचलात की त्याच आकड्यावर, समजा ९८.३ वर, परत गाणं सुरू. फक्त आता जाहिराती पुण्यातल्या दुकानांच्या असतात. कंपनी तीच, आकडा तोच, पण स्टेशन वेगळं.

एफएमचा सिग्नल डोंगर ओलांडत नाही, हे त्याचं कारण. वरवर हा दोष वाटतो. पण सिग्नल लांब जात नाही म्हणूनच एकच आकडा मुंबईलाही वापरता येतो आणि पुण्यालाही. नाहीतर दोघांची आयुष्यभर भांडणं झाली असती.

हा एफएम ज्याच्या डोक्यातून आला त्याचं नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग.

चंद्रावर उतरला तो नील, ट्रम्पेट वाजवायचा तो लुई. हा तिसरा. रेडिओच्या इतिहासात याच्याएवढे मूलभूत शोध एकट्याच्या नावावर असणारा दुसरा माणूस सापडणं अवघड आहे. आणि याच्याएवढा कोर्टकचेरीत पिचलेलाही.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत, आई लग्नाआधी शाळेत शिक्षिका. आठ वर्षांचा असताना पोराला एक आजार झाला, ज्यात हातपाय, मान आपोआप झटके मारतात. दोन वर्षं शाळा बंद. आजार गेला, पण ताण आला की खांदा आणि तोंड उडायचं ते मात्र कायमचं राहिलं. घरात एकटा बसलेला हा पोरगा यंत्रांच्या नादी लागला.

पुढे कुटुंब यॉंकर्सला राहायला गेलं, हडसन नदीच्या काठावर. तिथे पठ्ठ्याने अंगणात १२५ फूट उंच अँटेनाचा खांब स्वतः उभा केला. बारा मजली इमारतीएवढा! दोरीला पाळण्यासारखी खुर्ची बांधून तो स्वतःला वर ओढून घ्यायचा. उंचीची त्याला भीती नव्हतीच, उलट चटक होती.

मग कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. लाल मोटरसायकलवर कॉलेजला जायचा. तेव्हा रेडिओ म्हणजे कानाला हेडफोन लावून ऐकायची क्षीण टिकटिक. ली डी फॉरेस्ट नावाच्या माणसाने १९०६ मध्ये ऑडियन नावाची काचेची नळी बनवली होती, पण ती नेमकं काम कसं करते हे खुद्द त्यालाही नीट उमगलं नव्हतं. विद्यार्थी आर्मस्ट्राँग त्या नळीच्या मागे लागला.

१९१२ मध्ये त्याला युक्ती सुचली. नळीतून बाहेर पडणारा सिग्नल परत तिच्यातच आत सोडायचा. तो वाढून बाहेर येणार, परत आत, परत वाढणार. अशा फेऱ्यांनी सिग्नल हजारो पटींनी मोठा होऊ लागला. हेडफोन टेबलावर ठेवला तरी आवाज खोलीभर ऐकू येई. रात्री बहिणीच्या खोलीत घुसून हा गडी आनंदाने नाचला म्हणतात.

पेटंट काढायला पैसे हवे होते. वडील म्हणाले, आधी डिग्री घे. मामाने निदान आकृती तरी नोटरी करून ठेव असा सल्ला दिला. ३१ जानेवारी १९१३ ला त्याने ती नोटरी करून घेतली. पेटंटचा अर्ज गेला ऑक्टोबरमध्ये. हे मधले महिने त्याला पुढे फार महागात पडणार होते.

आता या गोष्टीतलं दुसरं पात्र. डेव्हिड सरनॉफ.

हा आर्मस्ट्राँगपेक्षा जेमतेम दोन महिन्यांनी लहान. जन्म रशियन साम्राज्यात, मिन्स्कजवळच्या खेड्यातला. नवव्या वर्षी न्यूयॉर्कला आला आणि पेपर विकून घर चालवायला लागला. मार्कोनी कंपनीत ऑफिस बॉय म्हणून चिकटला आणि तिथून वर चढत गेला. १९१४ च्या जानेवारीत मार्कोनी कंपनीने त्याला आर्मस्ट्राँगचं नवं यंत्र तपासायला पाठवलं. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, बेलमारला, कडाक्याच्या थंडीत एका लाकडी खोपटात दोघं तेविशीच्या आसपासचे तरुण रात्रभर बसले आणि आयर्लंड, हवाईची स्टेशनं ऐकली. दोस्ती झाली.

पुढे सरनॉफ आरसीए म्हणजे रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या बलाढ्य कंपनीचा सर्वेसर्वा झाला. सकाळी कॉफी प्यायला तो आर्मस्ट्राँगच्या घरी यायचा, इतका घरोबा.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधून पॅरिसला गेला. तिथे १९१८ मध्ये त्याने सुपरहेटरोडाइन सर्किट तयार केलं. नाव जडजंबाल आहे, काम सोपं आहे: हवेतून आलेली कुठलीही फ्रिक्वेन्सी आधी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवायची आणि मग तिच्यावर काम करायचं. बटण फिरवून स्टेशन लावणारे आपल्या आजी-आजोबांचे रेडिओ याच तत्त्वावर चालायचे. फ्रान्सने त्याला लिजन ऑफ ऑनर दिला, सैन्याने मेजर केलं. मित्र त्याला शेवटपर्यंत मेजरच म्हणत.

पैसाही आला. पहिल्या दोन शोधांची पेटंट वेस्टिंगहाऊसने ३,३५,००० डॉलरला घेतली. १९२२ मध्ये आणखी एका सर्किटसाठी आरसीएने २ लाख डॉलर रोख आणि ६०,००० शेअर दिले. तिशीतला हा माणूस आरसीएचा सगळ्यात मोठा वैयक्तिक भागधारक झाला.

सरनॉफच्या ऑफिसात मॅरियन मॅकइनिस नावाची सेक्रेटरी होती. आर्मस्ट्राँग तिच्या प्रेमात पडला. आता मुलीवर छाप पाडायला लोक फुलं देतात. याने काय केलं? १९२३ मध्ये मॅनहॅटनमधल्या उंच इमारतीच्या गच्चीवर आरसीएचा जो अँटेनाचा टॉवर होता, त्याच्या टोकावर चढला, तिथल्या लोखंडी गोळ्यावर बसला आणि फोटो काढून तिला पाठवले. सरनॉफ जाम भडकला. पण त्याच डिसेंबरमध्ये लग्न झालं. नवरदेवाने बायकोला हुंडा-दागिना नाही, तर उचलून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ भेट दिला. समुद्रकिनाऱ्यावर दोघं तो रेडिओ घेऊन बसलेत, हा त्यांचा हनिमूनचा फोटो प्रसिद्ध आहे.

इथपर्यंत सगळं झ्याक चाललं होतं. पण एक केस मागे लागलेली होती. पहिलं सर्किट आपलंच, असा दावा डी फॉरेस्टने केला होता. निकाल इकडून तिकडे फिरत राहिला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला. जवळपास वीस वर्षांची लढाई. न्यायमूर्तींना त्यातलं तंत्रच नीट कळलं नाही, असं बहुतेक इंजिनिअर तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणतात. आर्मस्ट्राँग रेडिओ इंजिनिअरांच्या अधिवेशनात गेला, या शोधासाठी मिळालेलं पदक परत करायला. संस्थेने ते परत घ्यायला नकार दिला आणि अख्खं सभागृह त्याच्यासाठी उभं राहिलं. कोर्टात हरलेला माणूस आपल्या लोकांत जिंकला.

पण तोपर्यंत त्याच्या हातात याहून मोठी गोष्ट आलेली होती. ती समजून घ्यायची तर त्या वेळच्या न्यूयॉर्कच्या हवेत काय गोंधळ होता ते बघावं लागेल.

१९२२ मध्ये अमेरिकेत रेडिओ स्टेशनं भुईछत्र्यांसारखी उगवली. आणि सरकारने या सगळ्यांना मनोरंजनासाठी जवळपास एकच जागा दिली होती, ३६० मीटर. म्हणजे न्यूयॉर्कसारख्या शहरात एका स्टेशनने दोन तास बोलायचं, मग गप्प बसायचं, मग दुसऱ्याने बोलायचं. चाळीतल्या सामाईक नळासारखं. कोण आधी, कोण नंतर, यावरून भांडणं ठरलेली.

१९२७ मध्ये फेडरल रेडिओ कमिशन आलं. १९२८ मध्ये त्यांनी आपल्याकडे मीडियम वेव्ह म्हणतात त्या पट्ट्याचे ९६ कप्पे पाडले, प्रत्येक कप्पा १० किलोहर्ट्झचा. त्यातले ४० कप्पे बड्या, ताकदवान स्टेशनांसाठी मोकळे ठेवले. आता ९६ हा आकडा बरा वाटतो. पण तो एका शहरासाठी नव्हता, अख्ख्या देशासाठी होता. मीडियम वेव्हचा सिग्नल रात्री आकाशातल्या थरावर आपटून शेकडो मैल लांब उतरतो. न्यूयॉर्कचं स्टेशन शिकागोत घुसतं, शिकागोचं न्यूयॉर्कात. म्हणून कित्येक छोट्या स्टेशनांना सूर्य मावळला की दुकान बंद करावं लागे.

याचा अर्थ असा की न्यूयॉर्कसारख्या लाखो ऐकणाऱ्यांच्या शहरात रात्रंदिवस स्वच्छ ऐकू येणारे सिग्नल मोजकेच. ज्याच्याकडे असा सिग्नल, त्याच्याकडे जाहिरातींचा पैसा. कार्यक्रम कितीही चांगला करा, सिग्नल नसेल तर स्पर्धेतच नाही. आणि आरसीएच्या मालकीच्या एनबीसीकडे न्यूयॉर्कमध्ये असे एक नाही, दोन सिग्नल होते: ६६० वर डब्ल्यूईएएफ आणि ७६० वर डब्ल्यूजेझेड.

या सगळ्यावर कडी म्हणजे खरखर. वीज चमकली, ट्राम गेली, शेजारी मोटर चालू झाली की रेडिओ कडाडायचा. कारण एएम पद्धतीत लहरीची उंची कमीजास्त करून आवाज पाठवतात आणि विजेचा कडकडाटही लहरीच्या उंचीतच मिसळतो. रिसीव्हरने कुठलं खरं, कुठलं खोटं ओळखायचं? खरखर घालवणारी एखादी पेटी कुणीतरी शोधायला हवी, असं सरनॉफ बोलून दाखवायचा. मित्राने ते मनावर घेतलं.

कोलंबियाच्या फिलॉसॉफी हॉलच्या तळघरात आर्मस्ट्राँगची प्रयोगशाळा होती. तिथे त्याने लहरीची उंची तशीच ठेवून तिची फ्रिक्वेन्सी मागेपुढे हलवायला सुरुवात केली. ही कल्पना नवी नव्हती. पण जॉन कार्सन या मोठ्या गणितज्ञाने १९२२ मध्ये आकडेमोड करून सांगितलं होतं की यात काही फायदा नाही. कार्सनचं गणित बरोबरच होतं, पण ते अरुंद पट्ट्याचं होतं. सगळे लोक पट्टा अरुंद कसा करता येईल याच्या मागे होते. आर्मस्ट्राँगने उलटं केलं. एएमला १० किलोहर्ट्झ पुरत होते, याने २०० किलोहर्ट्झ घेतले. बोळाच्या जागी हमरस्ता.

आणि खरखर गायब!

एवढी जागा मीडियम वेव्हवर मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून तो खूप वरच्या फ्रिक्वेन्सीकडे गेला, जी तेव्हा रिकामीच पडलेली होती. या लहरी सरळ रेषेत जातात, साधारण नजर पोचते तिथपर्यंत. एफएमचा आणखी एक गुण आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर रिसीव्हर जोरकस सिग्नल धरतो आणि दुबळा पार दाबून टाकतो. एएमसारखी दोघांची खिचडी होत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की चित्र स्पष्ट होतं: प्रत्येक शहरात पुन्हा पुन्हा तेच आकडे वापरा, प्रत्येक शहरात नव्याने डझनावारी स्टेशनं उभी करा. दुर्मीळ सिग्नल हीच ज्यांची तिजोरी होती, त्यांच्यासाठी ही बातमी किती गोड असेल विचार करा.

२६ डिसेंबर १९३३ ला पेटंट मिळाली. त्याच सुमारास सरनॉफने तळघरात येऊन ते ऐकलं. त्याला हवी होती एएमला जोडायची एक पेटी. मित्राने पुढ्यात ठेवली अख्खी नवी रेडिओ व्यवस्था. नवी स्टेशनं, नवे सेट, सगळंच नवं.

तरीही आरसीएने एम्पायर स्टेट बिल्डिंगमधली आपली जागा चाचण्यांसाठी दिली. जून १९३४ पासून तिथून प्रक्षेपण सुरू झालं. ८० मैलांवर न्यू जर्सीतल्या हॅडनफील्डला, ऐन वादळात, एएमवर फक्त कडकडाट आणि एफएमवर स्वच्छ संगीत. चाचण्या यशस्वी झाल्या आणि १९३५ मध्ये आरसीएने त्याला सामान हलवायला सांगितलं. जागा टेलिव्हिजनसाठी हवी होती.

बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट सरनॉफला व्हिलन करून सांगितली जाते. माझ्या मते तो अर्धाच हिशोब आहे. सरनॉफला खरोखर वाटत होतं की पुढचा जमाना टीव्हीचा आहे, आणि त्यात तो चुकला नाही. पण टीव्ही उभा करायचा पैसा एएम रेडिओच्या नफ्यातून येत होता. तो नफा खाणारं नवं यंत्र त्याला नको होतं, हेही तितकंच खरं.

आर्मस्ट्राँग थांबला नाही. ५ नोव्हेंबर १९३५ ला त्याने न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांसमोर प्रात्यक्षिक दिलं. यॉंकर्समधल्या मित्राच्या घरातून प्रक्षेपण. ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज, कागद चुरगळल्याचा आवाज सभागृहात जसाच्या तसा ऐकू आला. रेडिओवर पाणी पाण्यासारखं वाजतं, हे लोकांनी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्याने स्वतःचंच स्टेशन काढलं. हडसनच्या पलीकडे, न्यू जर्सीतल्या अल्पाइनच्या कड्यावर ४०० फुटांहून उंच टॉवर. तीन लाख डॉलरच्या वर खर्च, सगळा स्वतःच्या खिशातून. १९३९ पर्यंत ते पूर्ण ताकदीने सुरू झालं. जनरल इलेक्ट्रिक, झेनिथ यांच्यासारख्या कंपन्या रॉयल्टी देऊन एफएमचे सेट बनवायला लागल्या. न्यू इंग्लंडमधल्या यँकी नेटवर्कने डोंगरावर एफएम स्टेशन उभारलं आणि एका स्टेशनचा सिग्नल हवेतूनच पकडून पुढच्या स्टेशनने पाठवायचा असा प्रयोग केला. टेलिफोन कंपनीची भाड्याची लाइन नको, काही नको.

१९४० मध्ये सरकारने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झ हा पट्टा दिला, ४० कप्पे. १ जानेवारी १९४१ पासून जाहिरातींनाही परवानगी. आता आरसीएला जाग आली. त्यांनी एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले, रॉयल्टी नाही. आर्मस्ट्राँगने नाही म्हटलं. बाकीच्या कंपन्या २ टक्के रॉयल्टी देत होत्या, मग सगळ्यात बड्या कंपनीला वेगळा न्याय का? त्याचं बरोबर होतं. पण व्यवहार म्हणून बघितलं तर त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात महाग नकार ठरला.

दुसरं महायुद्ध आलं. सैन्याला त्याने आपली पेटंट फुकट वापरू दिली. १९४६ मध्ये अमेरिकन सैन्याने चंद्रावर रडारची लहर आपटवून परत मिळवली, त्या यंत्रातही याचा हात होता. म्हणजे चंद्रापर्यंत आधी हा आर्मस्ट्राँग पोचला, नील नंतर!

युद्ध संपता संपता खरा घाव बसला. तोपर्यंत देशात पन्नासच्या आसपास एफएम स्टेशनं आणि चार-पाच लाख सेट झाले होते. १९४५ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाने, एफएमला उचलून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊन ठेवलं. कारण काय? सूर्यावरच्या डागांमुळे खालच्या पट्ट्यात लांबची स्टेशनं एकमेकांत घुसतील. आर्मस्ट्राँग आणि इतर इंजिनिअर आकडेमोड चुकल्याचं सांगत राहिले. गंमत म्हणजे एफएमला धोकादायक ठरवलेल्या पट्ट्यातली जागा मग टीव्हीला दिली गेली, ज्याला अडथळ्यांचा त्रास जास्त होतो. एका फटक्यात लोकांच्या घरातले सगळे एफएम सेट भंगार. जुना पट्टा जानेवारी १९४९ मध्ये कायमचा बंद झाला.

दुसरा घाव कमी लोकांना माहीत आहे, आणि आपला विषय खरा तोच आहे. सीबीएस कंपनीने अशी योजना मांडली होती की एका शहरातल्या सगळ्या एफएम स्टेशनांचा सिग्नल सारख्याच भागापुरता ठेवावा. एक शहर, एक बाजारपेठ, सगळ्यांना समान पल्ला. एफसीसीने त्याच धर्तीवर नियम केले. न्यूयॉर्क ज्या भागात येतं तिथे ५०० फुटांच्या अँटेनाला २० किलोवॅटची मर्यादा, आणि अँटेना त्याहून उंच असेल तर ताकद आणखी कमी करायची.

ऐकायला किती न्याय्य आहे! लहान-मोठा भेद नाही, सगळे एका रेषेत. एकाच शहरातल्या नवख्या स्टेशनाला यात खरंच संधी होती, हे मान्य करायला हवं. पण डोंगरावर टॉवर उभारून तीन-चार राज्यांना ऐकवायचं आर्मस्ट्राँगचं आणि यँकी नेटवर्कचं गणित यात मेलं. खेड्यापाड्यातला श्रोता एएमकडेच राहिला. सिग्नल लांब जाईना, म्हणजे एक स्टेशन हवेतून दुसऱ्याला जोडणंही अवघड. परत टेलिफोन कंपनीची लाइन भाड्याने घ्या. आणि एएमवाल्या बड्यांवर अशी मर्यादा नव्हती. त्यांचे ५० किलोवॅटचे सिग्नल रात्रभर अर्धा देश फिरत होते.

शहरातही एफएमची स्पर्धा झाली नाही. बहुतेक परवाने एएम स्टेशनांच्या मालकांनीच घेतले आणि एफएमवर एएमचाच कार्यक्रम वाजवला. जाहिरातदाराला एफएम फुकटात, किलोभर भाजीवर कोथिंबिरीसारखा. नवीन काही ऐकायलाच मिळत नसेल तर लोक नवा सेट का घेतील? साधारण ७०० पर्यंत गेलेली एफएम स्टेशनं १९५७ पर्यंत घसरून ५३० च्या आसपास आली.

त्यात १९४७ मध्ये एफसीसीचे अध्यक्ष चार्ल्स डेनी पद सोडून थेट एनबीसीचे उपाध्यक्ष झाले. यावर वेगळं काही लिहायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आर्मस्ट्राँगच्या बाजूच्या लोकांनाही कबूल करावी लागते. नव्या पट्ट्यात ४० ऐवजी १०० कप्पे मिळाले. आज मोठ्या शहरांत वीस-पंचवीस एफएम स्टेशनं मावतात ती या जागेमुळे. नुकसान झालं ते बदलाच्या वेळेने.

टीव्हीच्या आवाजासाठीही एफएमच वापरलं जात होतं. आरसीए टीव्ही विकत होती आणि आर्मस्ट्राँगला छदामही देत नव्हती. जुलै १९४८ मध्ये त्याने आरसीए आणि एनबीसीवर खटला भरला. त्याची पेटंट १९५० च्या अखेरीस संपणार होती, आणि समोरच्या वकिलांना फक्त वेळ काढायचा होता. एकट्या आर्मस्ट्राँगची साक्ष वर्षभर चालली. तेच प्रश्न, परत परत. सरनॉफने साक्षीत सांगितलं की एफएमसाठी आरसीएने इतर कुणाहीपेक्षा जास्त केलं आहे. आर्मस्ट्राँग त्याच खोलीत बसून ऐकत होता.

वकिलांच्या फीमध्ये पैसा गेला, पेटंट संपली. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, त्याने बायकोच्या नावावर ठेवलेले पैसे खटल्यासाठी मागितले. ती नाही म्हणाली. वाद झाला आणि रागाच्या भरात त्याने शेकोटीतला लोखंडी गज तिच्या हातावर मारला. तीस वर्षं सोबत राहिलेली मॅरियन घर सोडून बहिणीकडे गेली. त्याच्या मोठेपणाखाली ही गोष्ट झाकता येत नाही.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने तिला पत्र लिहिलं, तिला दुखावल्याचा पश्चात्ताप त्यात होता. मग तेराव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून त्याने आयुष्य संपवलं. वय ६३. पहिल्या शोधाची आकृती नोटरी केली त्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षं झाली होती. अंत्यविधीला सरनॉफ आला होता.

खटला मात्र मेला नाही. मॅरियनने तो हातात घेतला. १९५४ च्या अखेरीस आरसीएने साधारण साडेदहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. १९४० मध्ये देऊ केलेल्या रकमेच्या आसपासच! पण बाई तिथे थांबल्या नाहीत. पेटंट वापरून पैसे न दिलेल्या एकेका कंपनीला त्यांनी कोर्टात खेचलं. काहींनी तडजोड केली, काही हरल्या. शेवटची मोटोरोला. १९६७ मध्ये तिचं अपील ऐकायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला आणि आर्मस्ट्राँगच्या बाजूने सगळे खटले संपले. तो जाऊन तेरा वर्षं झाली होती.

तोवर एफएमचेही दिवस पालटत होते. १९६१ मध्ये स्टिरिओला परवानगी मिळाली. मग एफसीसीने नियम केला की एक लाखाहून मोठ्या शहरांत एकाच मालकाच्या एएम आणि एफएमवर निम्म्याहून जास्त वेळ तोच कार्यक्रम चालणार नाही. म्हणजे जी स्पर्धा विसाव्या शतकाच्या चाळिशीत व्हायला हवी होती, ती साठीत सक्तीने झाली. मालकांना एफएमसाठी काहीतरी वेगळं शोधणं भाग पडलं आणि त्यांनी लांबलचक रॉक गाणी वाजवायला सुरुवात केली. सत्तरचं दशक संपता संपता अमेरिकेत एफएम ऐकणारे एएमच्या पुढे गेले.

आता सिग्नलची टंचाई एफएमवर आली आहे. एकाच शहरात शेजारचे कप्पे देता येत नाहीत, जोरकस सिग्नल एकमेकांवर सांडतात. म्हणून मध्ये जागा सोडावी लागते. न्यूयॉर्कचे आकडे बघा: ९२.३, ९३.१, ९३.९, ९४.७, ९५.५. मुंबईचे बघा: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दोन्हीकडे अंतर ०.८. या हिशोबाने ८८ ते १०८ मध्ये पंचविसेक स्टेशनं बसतात, त्यातली काही सरकारी. म्हणून २०१५ च्या लिलावात दिल्लीतल्या एका फ्रिक्वेन्सीची बोली १६९ कोटींवर गेली आणि मुंबईतही शंभर कोटींचा आकडा ओलांडला.

न्यूयॉर्कची बहुतेक एफएम स्टेशनं आज एम्पायर स्टेट बिल्डिंगवरूनच प्रक्षेपण करतात, जिथून १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला सामान हलवायला लावलं होतं. आणि ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं तेव्हा त्याच्या गच्चीवरचे शहरातल्या टीव्ही स्टेशनांचे अँटेनाही गेले. घाईघाईने दुसरी उंच जागा हवी होती. तेव्हा त्यातल्या अनेकांनी हडसनच्या पलीकडे अल्पाइनला, आर्मस्ट्राँगच्या जुन्या टॉवरवर आपले अँटेना चढवले.